अमानत कोणाच्या हाती?

सर्व संपत्ती मूलतः ईश्वराची असून मनुष्य तिचा केवळ राखणदार आहे, या इस्लामी धारणेला ‘अमानत’, म्हणजे सांभाळण्यासाठी सोपवलेली ठेव, असे म्हणतात. परंतु ही ठेव व्यक्तीकडे सोपवली आहे की समाजाकडे, आणि समाजाकडे असल्यास त्याच्या वतीने ती कोणी राखावी, हे त्या धारणेतून आपोआप ठरत नाही. पाकिस्तानचे माजी अर्थमंत्री डॉ. मुबश्शिर हसन यांचे राजकीय जीवन याच पेचात गुंतलेले होते.

१९२२ साली पानिपत येथे जन्मलेले हसन हे स्थापत्य अभियंते. अमेरिकेत डॉक्टरेट मिळवून त्यांनी लाहोरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात अध्यापन केले. १९६७ साली झुल्फिकार अली भुट्टो यांच्या पाकिस्तान पीपल्स पार्टीची स्थापना त्यांच्याच लाहोरच्या घरी झाली. इस्लाम हा धर्म आणि समाजवाद ही अर्थव्यवस्था, अशी सांगड घालणाऱ्या या पक्षाच्या विचाराला ‘इस्लामी समाजवाद’ म्हणत, आणि संपत्ती धनिकांमध्येच फिरत राहू नये, हा कुराणातील आदेश त्याच्या समर्थकांचा मुख्य आधार असे. उलट १९७० साली शंभरावर उलेमांनी, म्हणजे धर्मशास्त्राच्या अधिकारी विद्वानांनी, फतवा काढून समाजवादाला ‘कुफ्र’ अर्थात ईश्वराचा नकार ठरवले. तर औरंगाबादेत जन्मलेले, जमात-ए-इस्लामीचे संस्थापक मौलाना मौदूदी यांनी, मालमत्ता वैध मार्गाने मिळवलेली असल्यास शरीयतेने तिच्या प्रमाणाला सीमा घातलेली नाही, असे त्याआधीच प्रतिपादन केले होते.

डिसेंबर १९७१ मध्ये भुट्टो सत्तेवर आले आणि हसन अर्थमंत्री झाले. पुढच्याच महिन्यात पोलाद, सिमेंट, रसायने अशा दहा मूलभूत उद्योगवर्गांतील कारखान्यांचे व्यवस्थापन सरकारने हाती घेतले आणि १ जानेवारी १९७४ रोजी बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. धनिक हा चांगला राखणदार नव्हे, एवढे यातून सिद्ध करता येते. मात्र सरकारी अधिकारी तसा असतो, हे सिद्ध होत नाही. हसन यांच्या विरोधकांनी मालकालाच राखणदार मानले आणि राष्ट्रीयीकरणाने राज्यसंस्थेलाच समाज मानले, म्हणजे समाजाच्या वतीने ठेव कोणी राखावी, ही मधली पायरी दोन्ही पक्षांनी गाळली. हसन यांच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की, ही उणीव त्यांना पुढे दिसली: १९७४ मध्ये मंत्रिपद सोडल्यानंतर बऱ्याच वर्षांनी लिहिलेल्या ‘द मिराज ऑफ पॉवर’ या भुट्टोकाळावरील ग्रंथात सत्ता हे मृगजळच ठरल्याचे ते सूचित करतात. आपल्याच राजवटीविषयी असे लिहिणारे मंत्री विरळाच.

वादाचा निवाडा मात्र ना कारखान्यात झाला ना विधिमंडळात; तो झाला न्यायालयात, आणि तोही जमिनीच्या प्रश्नावर. भुट्टो राजवटीच्या जमीनसुधारणांतील प्रमुख तरतुदी, कमाल जमीनधारणेच्या मर्यादेसह, सर्वोच्च न्यायालयाच्या शरीयत अपील पीठाने १९८९ साली ३ विरुद्ध २ मतांनी इस्लामविरोधी ठरवून रद्द केल्या.