विकणारा सुटतो, बाळगणारा सापडतो

१९०९ च्या मार्चमध्ये चतुर्भुज अमीन लंडनहून मुंबई बंदरात उतरला. तो इंडिया हाउसमधला स्वयंपाकी होता आणि त्याच्या ट्रंकेला चोरतळ होता. त्या तळात सावरकरांनी पाठवलेली २० ब्राउनिंग पिस्तुले होती. ट्रंक बिनबोभाट गावात गेली. त्यांतल्याच पिस्तुलाने २१ डिसेंबरला अनंत कान्हेरे यांनी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. शस्त्रबंदीचा कडक कायदा तेव्हा एकतीस वर्षांचा झाला होता.

वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे, तरी बंदरावरच्या शस्त्रांचा हा प्रश्न इथे राहणाऱ्याला परका वाटू नये. वर्ध्याच्या एका बाजूला सेवाग्राम, दुसऱ्या बाजूला पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार. ३१ मे २०१६ च्या पहाटे त्या भांडारात आग लागून जवान आणि अग्निशमन दलाचे कर्मचारी गेले, तेव्हा शस्त्र वापरात नसतानाही किती जवळून जीव घेते हे जिल्ह्याने पाहिले. शस्त्रे कोणी विकावी, कोणी घ्यावी आणि कोणी अडवावी, याचा विचार आपल्याकडे कसा बदलत गेला, हे म्हणूनच नीट पाहायला हवे.

सतराव्या शतकात अडवण्याची कल्पनाच वेगळी होती. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा पडला असताना राजापूरच्या इंग्रज वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन तोफगोळे घेऊन तिथे गेला आणि इंग्रजांचे निशाण लावून गडावर मारा झाला. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूर लुटले आणि वखारवाल्यांना कैदेत टाकले. विकणाऱ्यालाच सरळ जबाबदार धरल्याचे इतके स्वच्छ उदाहरण मला पुढच्या तीनशे वर्षांत फारसे सापडत नाही. तरीही तोफा आणि शिसे हवेच होते. महाराजांनी ते फ्रेंचांकडून घेतले. एका टोपीकराने, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्याने, नाही म्हटले की दुसरा उभाच असे, आणि कोकणच्या किनाऱ्यावर खाड्यांना तोटा नव्हता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांना इतर सावकारांपासून वेगळे काढले आहे, कारण त्यांच्यामागे त्यांचे राजे उभे असतात. ही जाण राजकीय होती, आणि मला ती नंतरच्या सगळ्या कायद्यांपेक्षा खोल वाटते: विक्री मालाची असली तरी तिच्यामागे सत्ता असते.

सत्तावन्नच्या उठावानंतर इंग्रजांनी नजर विक्रीवरून उचलली आणि प्रजेवर रोखली. व्हाइसरॉय लिटनच्या काळातल्या १८७८ च्या कायद्याने आयातीला परवाना लागू लागला, पण त्याचा खरा भार पडला तो बाळगणाऱ्यावर. रानडुकरांपासून पीक राखणाऱ्या शेतकऱ्यालाही बंदुकीसाठी साहेबाच्या दारात उभे राहणे आले. युरोपीयांना मात्र त्यात सूट होती.

तेवढ्यानेही बंदरे आवळली गेली नाहीत. ओमानमधल्या मस्कतची कथा यात सर्वांत बोलकी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथून रायफली मकरानच्या किनाऱ्यावर उतरत आणि तिथून वायव्य सरहद्दीवर जात. त्या विकणाऱ्यांत ब्रिटिश कंपन्याही होत्या, म्हणजे सरहद्दीवरच्या ब्रिटिश पलटणींवर झडणाऱ्या गोळ्यांत इंग्लंडचाही माल होता. फ्रेंच व्यापाऱ्यांना जुन्या तहाचे संरक्षण होते, म्हणून त्यांना हात लावता येईना. अखेर युद्धनौकांचा पहारा बसला, १९१२ मध्ये सुलतानाने सर्व शस्त्रे एका सरकारी गोदामात ठेवण्याचा नियम केला, आणि १९१४ मध्ये भरपाई घेऊन फ्रान्सने आपला हक्क सोडला. जगातल्या सर्वांत मोठ्या आरमाराला एक बंदर बंद करायला इतकी वर्षे लागली, याचे कारण समुद्राच्या विस्तारात शोधू नये. बंदर जकातीवर आणि दलालीवर जगते. त्याला माल अडवण्यात नुकसान आहे, सोडण्यात फायदा.

त्याच १९१४ च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्यात रॉडा या शस्त्रविक्रेत्या कंपनीचा माल कंपनीच्याच कारकुनाने रीतसर कस्टममधून सोडवला आणि ५० माउझर पिस्तुले व सुमारे ४६,००० काडतुसे क्रांतिकारकांकडे वळवली. परवाना होता, शिक्के होते, कागद पुरे होते.

गांधीजींनी १९१८ मध्ये सैन्यभरतीच्या प्रचारात, देशाला निःशस्त्र करणारा कायदा हे इंग्रजी राजवटीचे सर्वांत काळे कृत्य ठरेल, असे लिहिले होते. काँग्रेसने १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला. आणि जून १९४० मध्ये वर्ध्यातच कार्यकारिणीने सांगितले की देशाच्या संरक्षणाच्या बाबतीत आपण गांधीजींच्या अहिंसेइतके दूर जाऊ शकत नाही. दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे झालेला हा वाद होता. पण तोही शस्त्र हाती घ्यावे की नाही यावरच थांबला. ते बनवून विकणाऱ्याचे काय, हा प्रश्न बाजूलाच राहिला. स्वतंत्र भारताचा १९५९ चा कायदाही मुख्यतः परवान्याभोवतीच फिरतो.

१९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत रायगडच्या दिघी आणि शेखाडीला शस्त्रे व आरडीएक्स उतरले. पुढे खटल्यात कस्टमचे अधिकारीही दोषी ठरले. १२ मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मेली. टोपीकरांच्या काळातला तोच कोकण किनारा!

२०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात शस्त्रव्यापार कराराला मान्यता मिळाली तेव्हा जगाने प्रथमच निर्यातदार देशांवर व्यापक जबाबदारी टाकली. भारत तटस्थ राहिला, कारण विकणाऱ्या आणि घेणाऱ्या देशांच्या बंधनांत समतोल नाही अशी त्याची तक्रार होती. घेणारा देश म्हणून ती समजण्यासारखी होती. पण आज आपण विकणारेही आहोत. २०२४-२५ मध्ये भारताची संरक्षण निर्यात २३,००० कोटी रुपयांच्या वर गेली, आणि नागपूरच्या आसपासच्या कारखान्यांतला दारूगोळा परदेशी जातो. विदर्भाला समुद्र नाही, पण माल आहे. अशा मालाबरोबर, तो घेणाऱ्या सरकारकडेच राहील असा कागद घेतला जातो. तो कागद कोणत्या देशाने दिला, माल तिथेच राहिला का, याची पडताळणी कोणी केली, हे दरवर्षी संसदेत मांडले जावे, आणि इथल्या खासदारांनी ते आधी मागावे.