तीन अक्षरांची साक्ष

पन्नास-साठ लाखांची सेडान दारी आली, की देवळापुढे तिची पूजा होते, चाकाखाली लिंबू चिरडले जाते आणि पुष्कळदा पुढच्याच आठवड्यात ती सजावटीच्या दुकानात जाऊन उभी राहते. चाके मोठी बसवावीत की मूळचीच ठेवावीत, क्रोमच्या पट्ट्या काळ्या कराव्यात काय, डिकीवर स्पॉयलर शोभेल काय, अशी निवड तेथे करावयाची असते. हा निव्वळ रुचीचा प्रश्न, यात धर्माधर्म कुठला, असे कोणी म्हणेल. रुचीचा प्रश्न तो आहेच. परंतु सगळाच रुचीचा नाही, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे, की सजविण्यात मुळात गैर काही नाही. ज्यांच्या देवळांत उत्सवमूर्तीला साज चढतो, लिंगावर मुखवटा बसवितात आणि पालखी रुप्याने मढवितात, त्यांनी अलंकाराला नावे ठेवू नयेत. मात्र आपल्या साहित्यशास्त्राने अलंकाराला मर्यादा घातली आहे. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित क्षेमेंद्र याने औचित्य हेच काव्याचे जीवित मानले आणि गळ्यात मेखला व कमरेला हार घालणाऱ्याचे हसेच होते, असा दाखला दिला. सेडानचे सौंदर्य तिच्या लांब व सलग रेषेत असते. तिच्या पाठीवर शर्यतीच्या गाडीचा उंच पंखा बसविणे ही गळ्यातली मेखलाच होय. हे अनौचित्य खरे. पण ते पाप नव्हे. त्याची शिक्षा हसे होण्यापुरतीच.

दुसरी मर्यादा कायद्याची. नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचे कलम ५२ मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही मनाई निःसंदिग्ध शब्दांत उचलून धरली. पुढच्या व मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून निदान ५० टक्के प्रकाश पार गेला पाहिजे, असाही नियम आहे. यामागचे तत्त्व साधे आहे. रस्ता सर्वांचा असतो; एकाची हौस दुसऱ्याच्या जिवावर बेतू नये. ही मर्यादा ज्याला आपण होऊन कळत नाही, त्याला पोलीस कळवितो.

खरा प्रश्न उरतो तो याच्या पलीकडे, जेथे पोलीस अडवीत नाही आणि पाहणारा हसतही नाही. एक उदाहरण घेऊ. १९६७ साली जर्मनीत आउफ्रेख्त आणि मेल्शर या दोघा इंजिनिअरांनी एक कारखाना काढला. त्यांच्या नावांची आद्याक्षरे आणि आउफ्रेख्त यांच्या जन्मगावाचे आद्याक्षर मिळून 'एएमजी' हे नाव झाले. त्यांच्या अनेक इंजिनांची जुळणी आरंभापासून अखेरपर्यंत एकच कारागीर करतो आणि त्याच्या सहीची पट्टी त्या इंजिनावर बसविलेली असते. म्हणजे डिकीवरची ही तीन अक्षरे नुसती नक्षी नव्हे. आत काय आहे याची ती साक्ष आहे. हीच अक्षरे आज बाजारात काहीशे रुपयांना मिळतात आणि चाकणच्या कारखान्यात बनलेल्या साध्या डिझेल सी-क्लासवर चिकटविली जातात.

मालक म्हणेल, मी कोठे खोटे बोललो? याला कायद्याचे उत्तर असे, की विधान केवळ तोंडाने होत नाही; ते कृतीनेही होते. याउलट, काही जण लहान इंजिनाचा निदर्शक असा मूळचा आकडाच डिकीवरून काढून टाकतात. वरवर दोन्ही सारखेच दिसते. पण तसे नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम १७ प्रमाणे, बोलण्याचे कर्तव्य नसेल तर नुसते मौन म्हणजे कपट नव्हे. आकडा काढणारा मौन पाळतो. खोटे अक्षर लावणारा बोलतो.

आपले शास्त्र तर कायद्याच्याही पुढे जाते. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात सत्याचा विचार करताना म्हटले आहे, की आपल्या मनातील ज्ञान दुसऱ्याच्या मनात पोचविण्यासाठी वाणी असते. ती वंचना करणारी असू नये. कसोटी शब्दाची नाही, ऐकणाऱ्याच्या मनात काय उमटावे म्हणून आपण झटतो, याची आहे. अश्वत्थामा मेला, हे युधिष्ठिराचे वाक्य शब्दशः खरे होते. तरीही भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला.

कोणी विचारील, यात कोणाचे नुकसान झाले? जाणत्याला अक्षरे खोटी आहेत हे दिसतेच! पण जाणत्यासाठी ती लावलेलीच नसतात. जो फसेल त्याच्याच भरवशावर ती उभी असतात, आणि फसणारा बहुधा भाबडा व भला माणूस असतो. कंपनी स्वतःही इंजिन साधे ठेवून बाहेरचा साज तेवढा 'एएमजी लाइन' या नावाने विकते, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्या साजातही थोडा भास आहेच. तथापि तेथे साजाला साज म्हणूनच नाव दिलेले असते, आणि घेणाऱ्याला आपण काय घेत आहोत ते ठाऊक असते. देवाचा मुखवटाही मुखवटा म्हणूनच चढतो; भक्त त्याला हात जोडतो, पण फसत नाही.

तेव्हा सजावटीच्या दुकानात स्वतःला एकच प्रश्न विचारावा. ही वस्तू जे सांगते, ते मी कोणाच्या डोळ्याला डोळा देऊन तोंडाने सांगेन काय? चाक, रंग, चामड्याची बैठक ही फक्त "मला हे आवडते" एवढेच सांगतात, आणि ते खरे असते. पण देवळाच्या आवारात एखाद्या पोराने कौतुकाने विचारले, "काका, ही खरीच एएमजी का?" आणि आपल्याला "नाही रे बाळा" म्हणावे लागणार असेल, तर दिवसभर रस्त्यावरच्या प्रत्येकाला त्या अक्षरांकडून "होय" म्हणवून घेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?