संयुक्त खात्यातली आजी

माणसाने घाई कोणाच्या जिवावर करावी, हा प्रश्न परवा आमच्या चिरंजीवांमुळे मला पडला. त्यांनी घरच्या कॉम्प्युटरला आणखी दोन डिस्क जोडल्या आणि जाहीर केलं, "बाबा, दोन्हींची मिळून एकच करतो. वेग जवळजवळ दुप्पट!"

याला स्ट्रायपिंग म्हणतात. फाइलचे तुकडे करायचे. पहिला या डिस्कवर, दुसरा त्या डिस्कवर, तिसरा पुन्हा या. लिनक्समधला एमडीएडीएम नावाचा प्रोग्रॅम, आपण वेगळं काही सांगितलं नाही, तर ५१२ किलोबाइटचे तुकडे पाडतो. वेगळं कार्डबिर्ड लागत नाही. पंगतीत दोन्ही टोकांनी वाढपी सुटावेत, तशा दोन्ही डिस्क एकदम कामाला लागतात.

"आणि एक बिघडली तर?"

"तर सगळं गेलं."

म्हणजे दुसरी धडधाकट असते, पण तिच्यापाशी एकाआड एक तुकडे. एकाआड एक ओळ गाळून सासऱ्यांचं पत्र वाचून पाहा! माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. समजा, एक डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता शंभरात तीन. मग दोहोंपैकी एखादी तरी बिघडण्याची जवळजवळ सहा. वेग दुप्पट, धोकाही दुप्पट. फुकट काही मिळालेलं नाही.

आम्हा बँकवाल्यांना यात नवीन काही नाही. संयुक्त खातं 'दोघांच्या सहीने' असेल, तर एक रुसला की पैसे अडकले. 'दोहोंपैकी कोणीही किंवा मागे राहील तो' असेल, तर एक गेला तरी व्यवहार चालू. हा दुसरा प्रकार डिस्कमध्येही आहे. त्यात दोन्हींवर तीच नक्कल ठेवतात. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ या तिघांनी 'रेड'वर निबंध लिहिला. त्या नावातला 'आर' म्हणजे जादा, राखीव. त्यांनी सांगितलेल्या पाच प्रकारांत आमच्या चिरंजीवांचा प्रकार नव्हताच. त्याला पुढे 'शून्य' हा नंबर मिळाला, कारण त्यात राखीव काहीच नाही. नाव श्रीमंताचं, शिल्लक शून्य!

"माझे व्हिडिओ गेले तर पुन्हा करीन," चिरंजीव म्हणाले. कबूल. स्वतःच्या मालावर त्याने खुशाल घोडे उडवावेत.

पण त्याच जोडीवर त्याने आजीच्या ओव्याही टाकल्या होत्या. माझ्या आजीच्या. कॅसेट आत्याची. "नीट सांभाळ हो," म्हणून तिने पदराखालून काढून दिली होती. कॉम्प्युटरवर उतरवून झाल्यावर आमच्या टेपरेकॉर्डरने ती गिळली. आत्याला हे मी अजून सांगितलेलं नाही.

गुंतवणुकीत माणसाने धोका पत्करावा, पण ती माझी गुंतवणूक नव्हती, आत्याची ठेव होती. आणि गंमत म्हणजे ओव्यांना वेग लागतच नाही. जात्यावरची बाई काय दुप्पट गतीने गाणार आहे?

"आत्ताच्या आत्ता याची नक्कल वेगळ्या डिस्कवर कर," मी म्हणालो. "आणि एक पेनड्राइव्हवर."

मी स्टूल ओढून पडद्यासमोर बसलो.

"बाबा, लक्ष द्यावं लागत नाही. आपोआप होतं."

कॅश मोजताना मला हे कोणी सांगितलं असतं तर! मी बसूनच राहिलो. मग पेनड्राइव्ह काढला, रुमालात बांधला आणि आत्याला फोन लावला. तिने उचलेपर्यंत, कॅसेटचं कसं सांगायचं ते ठरवत होतो.