बास्केट कोणी करायची?

सगळ्यांनी मिळून खेळायचं, हा विचार महिलांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये आला तो आधी मनाईच्या रूपात. मॅसॅच्युसेट्समधल्या स्मिथ कॉलेजात १८९३ साली सेंडा बेरेन्सन यांनी मुलींचा सामना भरवला, तेव्हा मैदानाचे तीन भाग पाडले. ज्या मुलीचा जो भाग, तिने तो सोडायचा नाही. चेंडू हिसकावायचा नाही, तीन सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवायचा नाही. चेंडू पुढे न्यायचा तर पास देणं भागच होतं. यामागे सहकार्याची तळमळ खरी होती, पण मुलींनी फार दमू नये, कुणी एकटीनेच चमकू नये, ही त्या काळाची धास्तीही होती.

पुढे सहा जणींचा खेळ रूढ झाला. मैदानाच्या एका अर्ध्यात तीन फॉरवर्ड, दुसऱ्यात तीन गार्ड आणि बास्केट करायची ती फक्त फॉरवर्डनी. गार्ड मुलींच्या वाट्याला ती संधी कधी येतच नसे. कुणी एकटी पुढे जाऊ नये म्हणून आखलेल्या चौकटीतच मग एकेकीच्या गुणांचे डोंगर उभे राहिले. आयोवाच्या शाळांमध्ये हा खेळ १९९३पर्यंत टिकला. तिथे डेनिस लाँगने १९६८मध्ये एकाच सामन्यात १११ गुण केले होते.

कॉलेजांत १९७१ साली पाच जणींचा, पूर्ण मैदानाचा खेळ आला. सगळ्यांनी गुण वाटून घेण्याच्या समतोल आक्रमणाचा खरा जन्म मी इथे मानतो, कारण आता पाचही जणींना बास्केट खुली झाली. पाचांपैकी एकीचा नेम कच्चा असेल, तर तिला राखणारी मुलगी तिला सोडून बास्केटखाली जाऊन उभी राहते. मग उरलेल्या चौघींना पाच जणींशी झुंजावं लागतं. म्हणून गुण वाटून घेणं हा इथे नुसता मनाचा मोठेपणा नसतो. त्यावाचून मैदानात जागाच मिळत नाही. कनेटिकट विद्यापीठाच्या २००२च्या संघात सू बर्ड, स्विन कॅश, आशा जोन्स, तमिका विल्यम्स आणि डायना टॉरासी होत्या. मोकळं सोडावं अशी कुणीच नाही. तो संघ ३९ सामन्यांत एकदाही हरला नाही.

एकीला मोकळं सोडलं की काय होतं, हे साउथ कॅरोलायना विद्यापीठाला २०२३च्या राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात फार बोचलं असणार. हंगामभर अजिंक्य असलेल्या या संघासमोर आयोवा विद्यापीठ होतं. साउथ कॅरोलायनाची रेव्हन जॉन्सन लांबवर चेंडू घेऊन उभी असताना आयोवाच्या केटलिन क्लार्कने तिच्याकडे हात झटकला आणि तिला राखायला गेलीच नाही. मार खुशाल, असंच जणू. क्लार्कने त्या दिवशी ४१ गुण केले आणि आयोवा ७७-७३ने जिंकलं. माझ्या लेखी तो हात झटकणं म्हणजे या साऱ्या विचाराची सर्वांत कठोर परीक्षा होती.

पुढच्या वर्षी साउथ कॅरोलायनाच्या प्रशिक्षक डॉन स्टेली यांच्याकडे लांबून अचूक मारणारी ते-हिना पाओपाओ ओरेगनहून आली होती. २०२४च्या अंतिम फेरीत पुन्हा आयोवाच. क्लार्कने पहिल्याच क्वार्टरमध्ये १८ गुण केले. ती एकलकोंडी खेळाडू मुळीच नव्हती, त्या हंगामात असिस्टमध्ये, म्हणजे दुसरीला बास्केट करू देणाऱ्या पासमध्येही देशात तीच पहिली. पण पुढे तिला राखायला रेव्हन जॉन्सन उभी राहिली आणि क्लार्क सामनाभरात ३० गुणांवर थांबली. साउथ कॅरोलायना ८७-७५ने जिंकलं. त्यांच्या राखीव मुलींनी ३७ गुण केले, आयोवाच्या राखीव मुलींचा एकही नाही. संघात सर्वाधिक १९ गुण होते टेसा जॉन्सनचे. ती पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी होती आणि सुरुवातीच्या पाच जणींत नव्हती.