तात्यांची पावती

गेली दोन-तीन वर्षे महाराष्ट्रात पणजोबांना बरे दिवस आले आहेत. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, मराठा समाजाच्या कुणबी नोंदींसाठी कोतवाल बुकांवरची धूळ झटकली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांचा भाव वधारला. ज्यांना आजोबांची तिथी सांगता येत नव्हती, ते पणजोबांची जन्मनोंद शोधत तहसीलच्या पायऱ्या झिजवू लागले. मला हसायचा अधिकार नाही. माझा शोधही दाखल्यापायीच सुरू झाला. ते पुढे येईल.

आधी एक जुना हिशेब. एका व्याख्यानमालेत एका निवृत्त प्राध्यापकांनी मुंबईच्या गिरणगावातल्या आठवणींची ‘हळव्या दंतकथा’ अशी वासलात लावली. ‘कागद दाखवा, मग बोला.’ वर इतिहासाचार्य राजवाड्यांची साक्ष काढली. या गृहस्थांच्या घराण्याचा जाडजूड कुलवृत्तांत छापलेला आहे, हे सांगणे क्षुद्रपणाचे आहे, म्हणून सांगतो.

राजवाडे मलाही प्रिय आहेत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 चा, पुढे बावीस झाले. हा माणूस दप्तरांसाठी गावोगाव वणवणला आणि बखरींच्या चुका त्याने दयामाया न दाखवता चव्हाट्यावर मांडल्या. पण ती दप्तरे कुठे होती? वाड्यांत, मठांत, माळ्यांवर. कागदाला आधी छप्पर लागते. गिरणगावात एका खोलीत दहा-पंधरा माणसे पाळीपाळीने झोपत. पहिल्या पाळीचा उठला की त्याच जागेवर रातपाळीवाल्याची वळकटी. सामान म्हणजे एक ट्रंक, जेवण खानावळीत. अशा खोलीतून राजवाड्यांना काय मिळाले असते? फार तर खानावळीची उधारी.

बरे, गिरणीने ठेवलेला कागद घ्या. त्यात माणूस नसतो, तिकीट नंबर असतो, खाते असते, पाळी असते. माझे आजोबा, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, संगमेश्वर तालुक्यातून आले आणि कित्येक वर्षे बदली होते. भोंग्याआधी फाटकाशी उभे राहायचे. कुणी गैरहजर असला तर त्याच्या साच्यावर काम, नसला तर परत खोलीवर. हजेरीपत्रकात फक्त भरलेला दिवस उमटतो. फाटकावरून परत फिरलेली सकाळ कोणत्या रकान्यात लिहायची? म्हणून मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगारांना बोलते करून 2004 मध्ये जो ग्रंथ सिद्ध केला, त्याला मी साधनग्रंथच म्हणतो, कुणी काहीही म्हणो.

इथवर मी छाती काढून चाललो होतो. आमच्या घरची आठवण पक्की होती: 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख माणसे बाहेर पडली, आणि तात्यांनी पुन्हा गिरणीत पाऊल टाकले नाही. बदल्यांना कायम करा, ही त्या संपातली एक मागणी होती. आमच्या दृष्टीने तात्या स्वतःच ती मागणी होते. ही कथा मी दोन भाषणांत सांगितली आहे. टाळ्या घेतल्या आहेत.

मग गिरणी कामगारांच्या घरांचे अर्ज आले. सुमारे दीड लाख अर्जांत आमचा एक. 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर तात्या कामावर होते, याचा पुरावा हवा होता. ट्रंकेच्या तळाशी, अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली, एक पगाराची पावती मिळाली. नोव्हेंबर 1982 ची.

प्राध्यापकांना किती आनंद झाला असता! मी दोन दिवस कुणाशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी गावी आत्याला फोन केला. ती म्हणाली, “गेले होते ना तात्या. पोलिसांच्या गाडीत बसून गेले. गावाकडे विकायला काही उरलं नव्हतं, माझं लग्न ठरलेलं. त्यानंतरच्या शिमग्याला पालखी दारात आली तर आत बसून राहिले.” मी विचारले, इतकी वर्षे बोलली का नाहीस? “तू कधी विचारलंस? तू तर भाषणं करत होतास.”

तेव्हा आठवणींच्या बाजूने मी जे बोलत आलो, त्यातले निम्मे मागे घेतो. खोटे आठवणीने सांगितले नव्हते, मी सांगितले होते. ज्या बाईला ठाऊक होते, तिच्याकडे न जाता. प्राध्यापकांना मात्र काहीच परत करणार नाही. त्यांच्या पद्धतीने ती पावती एवढेच बोलते की एका साचेवाल्याने संप मोडला. आत बसलेला माणूस त्यांना कुठल्याच दप्तरात सापडणार नाही.

पावतीची छायाप्रत अर्जाला जोडली आहे. आमच्याकडे 1982 चा किंवा त्यानंतरचा दुसरा कागद नाही. सोडतीत नंबर अजून लागलेला नाही.