धुराची साक्ष

अप्रिय वार्ता आणणाऱ्या दूताचा वध करू नये, असा आपल्याकडील राजनीतीचा जुना दंडक आहे. दूत अवध्य मानला गेला तो केवळ दयेपोटी नव्हे. दूताला मारल्याने वार्ता खोटी ठरत नाही, पुढची वार्ता येण्याची वाट मात्र बंद होते, हे त्या दंडकामागील शहाणपण होय. मनुष्यरूपाने येणाऱ्या दूताच्या बाबतीत हे शहाणपण आपल्याला सहज पटते. परंतु दूत जेव्हा वास, आवाज, कळ किंवा धूर अशा रूपाने येतो, तेव्हा आपण त्याच्याशी कसे वागतो? जे चिन्ह आपल्याला त्रास देते त्याचे केवळ निवारण करण्याचा आपल्याला अधिकार आहे काय, की ते ज्याचे चिन्ह आहे त्याचा शोध घेण्याचे बंधन त्याबरोबरच आपल्यावर येते? या प्रश्नाचा विचार एका अगदी सामान्य, किंबहुना क्षुल्लक वाटणाऱ्या उदाहरणाच्या आधारे करण्याचे आम्ही योजिले आहे. जुन्या, हवेने थंड होणाऱ्या मोटारीत ऊब येण्यासाठी जे झरोके असतात, त्यांतून अचानक धूर येऊ लागतो, त्या प्रसंगाचे हे उदाहरण आहे.

अशा मोटारींत सर्वांत प्रसिद्ध म्हणजे जर्मनीतील फोक्सवॅगनची ‘बीटल’. फर्डिनंड पोर्शे यांनी 1930 नंतरच्या दशकात तिची आखणी केली. महायुद्ध संपल्यावर 1945 मध्ये, ब्रिटिश लष्कराच्या देखरेखीखाली, वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात तिचे उत्पादन पुन्हा उभे राहिले. आणि 30 जुलै 2003 रोजी मेक्सिकोतील पुएब्ला येथे शेवटची गाडी बाहेर पडली, तोवर 2 कोटी 15 लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. आजही ती जपणारे हौशी लोक जगभर आहेत, आपल्या देशातही आहेत.

या गाडीचे इंजिन मागे असते आणि त्याला थंड ठेवण्यासाठी पाणी नसते. एक पंखा बाहेरची हवा ओढून सिलिंडरांवर सोडतो. पाण्याने थंड होणाऱ्या मोटारीत आतील ऊब गरम पाण्यापासून मिळते; येथे पाणीच नसल्यामुळे ती इंजिनाच्या जळक्या वायूंना बाहेर नेणाऱ्या तप्त नळीपासून घ्यावी लागते. या नळीभोवती पत्र्याचे आवरण घातलेले असते, त्यास हीट एक्स्चेंजर म्हणतात. पंख्याची हवा त्या आवरणात शिरते, नळीला स्पर्शून तापते आणि दोन्ही दारांखालच्या पोकळ पट्ट्यांतून बसणाऱ्यांच्या पायांपाशी व समोरच्या काचेपाशी येते. 1963 च्या सुमारास ही रचना रूढ झाली. त्यापूर्वीच्या गाड्यांत तर सिलिंडरांवरून जाऊन तापलेली हवाच सरळ आत येत असे. सारांश, ज्या पंख्याच्या हवेने यंत्र थंड होते, त्याच पंख्याच्या हवेवर आतील माणसे ऊब घेतात व श्वासही घेतात. येथे यंत्राची प्रकृती आणि प्रवाशाची प्रकृती यांच्यामध्ये केवळ एका पत्र्याचे अंतर आहे. मधला पत्रा धड आहे तोवर हे काटकसरीचे कौशल्य. तो गंजला की त्याच काटकसरीचे संकट होते.

धूर दिसला की अग्नी आहे असे समजावे, हे अनुमान भारतीय तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशीच शिकविले जाते. डोंगरावर धूर दिसतो; स्वयंपाकघरात धूर आणि अग्नी एकत्र पाहिलेले असतात; म्हणून डोंगरावर अग्नी आहे. परंतु याच शास्त्राने पुढे दोन सावधगिरीच्या सूचना दिल्या आहेत, त्या मात्र लोकांच्या स्मरणात राहिलेल्या नाहीत. पहिली अशी की, जे धुरासारखे दिसते ते धूरच आहे याची खात्री करून घ्यावी, कारण वाफेलाही धूर समजण्याचा संभव असतो. दुसरी अधिक महत्त्वाची. धुरावरून अग्नी सिद्ध होतो. पण अग्नीवरून धूर सिद्ध होत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, परंतु धूर नाही. धूर निघण्यासाठी ओल्या सरपणाचा संयोग लागतो. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त ही चर्चा आहे. या दुसऱ्या सूचनेचा व्यवहारातील अर्थ असा, की धूर नसणे ही अग्नी नसल्याची ग्वाही नव्हे. त्या अर्थाकडे आम्ही पुढे वळणार आहोत.

आधी निदानाची रीत पाहू. जाणता कारागीर प्रथम हे ठरवितो की, आत आलेले पांढुरके लोट वाफेचे आहेत की धुराचे. पावसाळ्यात दारांखालच्या पट्ट्यांत पाणी शिरलेले असले तर गरम हवेबरोबर वाफ येते. ती लवकर विरते आणि तिला जळका वास नसतो. मग तो वासाकडे वळतो. जळक्या तेलाचा वास जड असतो व धुरावर निळसर छटा असते. रबर किंवा तारांवरचे वेष्टन जळत असेल तर वास उग्र व नाकात झोंबणारा येतो. अशा वेळी इंजिन बंद करून बॅटरीची तार सोडविणे, हेच पहिले काम. या गाडीत बॅटरी मागच्या आसनाखाली असते, हे तेवढ्या घाईत आठवावे लागते. आणि पेट्रोलचा वास येत असेल तर चर्चेला जागाच नाही. गाडी थांबवून सर्वांनी खाली उतरावे.

यानंतर तो काळ विचारतो. धूर कधीपासून येतो? कालच नवे एक्स्चेंजर बसविले असतील, तर त्यांवरील रंग व संरक्षक लेप पहिल्या काही फेऱ्यांत जळतो आणि मग धूर आपोआप थांबतो. कालच तेल ओतले असेल, तर हात हलून सांडलेले तेल जळत असेल. आणि हे दोन्ही नसेल, गाडी तापली की रोजच धूर येत असेल, तर कोठेतरी तेल झिरपत आहे. सिलिंडरांच्या डोक्यावरील झाकणाचे गॅस्केट झिजते. सिलिंडरांखालून जाणाऱ्या पुशरॉडच्या नळ्यांची रबरी सीले वाळून कडक होतात. तेथून थेंब सुटतो तो खाली असलेल्या तप्त एक्स्चेंजरवर पडतो. शेवटी तो बाजू विचारतो, कारण इंजिनाला दोन बाजू आहेत, एक्स्चेंजर दोन आहेत आणि पट्ट्याही दोन. धूर केवळ डाव्या पायापाशी येत असेल, तर शोध डावीकडेच सुरू होतो.

परंतु खाली पडलेल्या तेलाचा धूर वर आत येतोच कसा? इंजिनाभोवती पत्र्यांची व रबरी सीलची एक बैठक असते. तिच्यामुळे वरच्या बाजूची थंड हवा आणि खालची तप्त हवा वेगळ्या राहतात. ही सील फाटली, किंवा एखाद्या दुरुस्तीनंतर एखादा पत्रा निरुपयोगी समजून कोपऱ्यात टाकून दिला, तर पंखा खालचा धूर वर ओढतो आणि तोच गाडीत ढकलतो. त्या पत्र्यावाचून गाडी चालते. म्हणूनच तो बिनकामाचा वाटतो. ज्याच्या असण्याने काही घडताना दिसत नाही, पण ज्याच्या नसण्याने बरेच काही घडते, अशा वस्तू आणि अशी माणसे कोणत्याही व्यवस्थेत प्रथम काढून टाकली जातात. दीर्घकाळ कचेरीत काम केलेल्या वाचकांना याची वेगळी उदाहरणे देण्याची गरज नाही.

या रीतीत आम्हांस एक नीतितत्त्व दिसते. धूर पुढे पायांपाशी दिसतो, दोष मागे इंजिनात असतो. आणि कधी कधी दोष इंजिनातही नसून कालच्या निष्काळजी हातात असतो. घाईने केलेल्या निदानात निरपराध भाग दोषी ठरतो, महागडा एक्स्चेंजर बदलला जातो आणि अल्प किमतीचे गॅस्केट पूर्ववत गळत राहते. जी चौकशी अनर्थ दिसला त्या जागेवरच दोष ठेवून मोकळी होते, ती चौकशीच नव्हे. निदान हा बुद्धीचा खेळ नसून न्यायाचा एक प्रकार आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चालकाच्या हाताशी एक लिव्हर असतो. तो फिरविला की ऊब आणणाऱ्या वाटेवरील झडप मिटते आणि धूर बहुतांशी थांबतो. हा उपाय इतका सोपा आहे की पुष्कळांना तो उपायच वाटतो. झडप मिटणे गैर आहे असे आमचे म्हणणे नाही. धूर येताच झडप मिटावी, काचा उघडाव्यात, सुरक्षित जागी थांबावे, हेच योग्य. प्रश्न आहे तो दुसऱ्या दिवसाचा. झडप मिटल्याने तेल गळायचे थांबत नाही, नळीला पडलेले भोक बुजत नाही. आणि जुन्या गाडीत झडपही गंजलेली असते, ती पुरती मिटत नाही. दिसण्याजोगा धूर अडतो, आणि उरलेले जे फटींतून झिरपते ते दिसण्याजोगे नसते.

एक्स्चेंजरमधील नळी गंजून तिला भोक पडले, तर इंजिनाचे जळके वायू उबेच्या हवेत मिसळतात. त्यांत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी त्याच्याशी जखडते. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, आणि मग सुस्ती येते. हीच यातील सर्वांत भयंकर गोष्ट, असे आम्हांस वाटते. हे विष शरीराचा नाश करण्याआधी निर्णयशक्तीवर घाला घालते. ज्याने थांबण्याचा निश्चय करावयाचा त्याच्याच ठायी निश्चय करण्याचे सामर्थ्य उरत नाही. म्हणून हा निर्णय आधीच, डोके शुद्ध असताना, करून ठेवावा लागतो. तापलेल्या लोखंडी गोळ्याचा दाखला येथे स्मरावा. येथे अनर्थ आहे, आणि धूर नाही.

उत्तरेकडे नोकरीनिमित्त राहिलेल्या मराठी कुटुंबांना हीच गोष्ट मोटारीवाचूनही परिचित आहे. हिवाळ्यात तेथे कोळशाची अंगीठी अंगणात पेटवितात, आणि धूर निघून गेला, निखारे लाल झाले, की ती खोलीत आणून दारे-खिडक्या लावून घेतात. धूर गेला म्हणजे धोका गेला, अशी समजूत. वास्तविक धूर होता तोवर डोळे चुरचुरले असते, कोणीतरी खिडकी उघडली असती. साक्षीदार बाहेर सोडून अपराध्याला आत घेतले जाते, आणि निजलेली माणसे सकाळी उठत नाहीत. अशा बातम्या दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येतात.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. प्रत्येक वासापायी इंजिन खाली उतरवू लागलो तर मनुष्याने जगावे केव्हा? पगारदार मनुष्याला वेळही मोजका आणि पैसाही मोजका. काही धूर सोसूनच संसार करावा लागतो. हे आम्हांस मान्य आहे. जुन्या यंत्रात थोडे तेल गळायचेच, जुन्या घरात थोडी ओल यायचीच. परंतु सोसणे दोन प्रकारचे असते. धूर कशाचा आहे हे समजून घेऊन, तो निरुपद्रवी आहे असे ठरवून सोसणे, याला सहनशीलता म्हणावे. तो कशाचा आहे हे न पाहताच सोसणे, याला सहनशीलतेचे नाव देणे हा शब्दाचा दुरुपयोग होय. ती केवळ हयगय. बाहेरून दोघे सारखेच स्वस्थ दिसतात. भेद एवढाच की, एकाने पाहिले आहे आणि दुसऱ्याने पाहण्याचे टाळले आहे.

शिवाय सोसण्याचा अधिकार ज्याचा त्याला असतो, तो दुसऱ्याच्या वतीने वापरता येत नाही. रोज त्याच गाडीत बसणाऱ्याचे नाक काही मिनिटांत वासाला सरावते. त्याला धूर जाणवेनासा होतो. नवा मनुष्य आत बसतो आणि विचारतो, “हा वास कसला?” आपण हसून सांगतो, “जुनी गाडी आहे, चालायचेच.” हे उत्तर ऐकून तो संकोचाने गप्प बसतो, आणि दुसऱ्यांदा विचारीत नाही. दूत अवध्य असला तरी त्याला निरुत्तर करण्याचा हा मार्ग आपण सर्वांनीच पत्करलेला असतो. मागच्या आसनावर एखादे मूल निजलेले असेल, तर त्याने तेवढेही विचारलेले नसते. लिव्हर त्याच्या हाताशी नाही, काच उघडणे त्याला ठाऊक नाही. चालक जी हवा देईल तीच त्याने घ्यावयाची. ज्याच्या हाती झडप आहे त्याच्यावर इतरांच्या श्वासाचा भार आहे, असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने. गाडी असो, घर असो, की एखादे खाते असो, जेथे अनेकांनी एकच हवा घ्यावयाची आहे तेथे आपल्यापुरता धूर बंद करून समाधान मानण्याची मोकळीक कोणालाच नाही.

तेव्हा चिन्हाचे निवारण करण्याचा अधिकार मनुष्याला आहे. परंतु तो उसना अधिकार आहे. शोधाचे ऋण मान्य करूनच तो वापरता येतो. धूर कोंदतो, डोळ्यांत पाणी आणतो, प्रवासाचा बेत मोडतो. पण तो खोटे बोलत नाही, आणि वेळेवर बोलतो. त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेण्याइतका वेळ आपल्याजवळ असला पाहिजे.