निर्णय तिचाच आहे हो!

अकरावीच्या यादीवरून जो गोंधळ चालला आहे त्यावर मी लिहिणार नव्हतो. पोर्टल, सर्व्हर, कट-ऑफ, सगळं तुम्हाला पाठ आहे. पण या आठवड्यात दोन घरांतून एकच वाक्य कानावर आलं आणि माझं डोकं फिरलं. "आम्ही काही लादलेलं नाही. निर्णय तिचाच आहे हो!"

एक घर डोंबिवलीचं. मुलीला मुंबईत फादरांच्या कॉलेजात जायचंय, घरच्यांना ती 'आपल्या' संस्थेच्या कॉलेजात हवी. दुसरं घर वसईचं, घरात मराठी बोलणारं, दर रविवारी मिस्साला जाणारं. अल्पसंख्याक संस्थेत निम्म्या जागा कोट्याच्या, त्यामुळे त्यांच्या मुलीला चर्चच्या कॉलेजात जागा मिळणं सोपं. ती मात्र माटुंग्याच्या एका कॉलेजाचं नाव घेऊन बसलीय. ही दोन घरं एका खोलीत बसवली तर अर्ध्या तासात भांडतील, पण पोरीचा विषय निघाला की दोघांची भाषा एक. (दोन्हीकडे "आम्हाला ब्याण्णव पडले" हेही समान. परीक्षेला सगळं घर बसलं होतं का? असो.)

तर हा 'तिचा निर्णय' कसा होतो ते बघा. अर्जावर मोबाइल नंबर बाबांचा, म्हणजे ओटीपी बाबांकडे. पासवर्ड बाबांच्या स्कूटरचा नंबर. दहा कॉलेजं भरता येतात. त्यातली पहिली तीन आत्याच्या सल्ल्याने. पुढची चार बाबांच्या साहेबांच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी भरली होती म्हणून. उरलेल्या तिनांत वरखाली करायचं स्वातंत्र्य कन्येला. तिने आठव्या क्रमांकाचं कॉलेज नवव्यावर नेलं की घरात लोकशाही नांदली! मग आई सोसायटीत सांगते, "हल्लीची मुलं ऐकतात कुठं? तिनेच ठरवलं सगळं." आणि यावर कळस म्हणजे, "नंतर आम्हाला दोष द्यायचा नाही हं." ठरवलं यांनी, फसलं तर जबाबदार ती. इतकी सोयीची वाटणी साखर कारखान्याच्या अध्यक्षांनाही जमलेली नाही.

डोंबिवलीत मी मुलीलाच विचारलं, "तुला काय वाटतं?" उत्तर आईने दिलं. पुन्हा विचारलं, बाबांनी दिलं. तिसऱ्यांदा विचारणार तोवर मुलीला चहा आणायला उठवलं. चहा कागदी कपात. स्वतःच्या घरात! पाहुण्याला कागदी कपात चहा देणाऱ्यांच्या उदारमतवादावर माझा एकूणच विश्वास नाही.

लांब पडतं, फी परवडत नाही, तिथं शिस्त असते, ही कारणंही निघाली. असतील खरी. खरी भीती निराळी आहे. डोंबिवलीला वाटतं पोर बाटेल, वसईला वाटतं पोर मिस्सा सोडेल. आणि दोघांनाही वाटतं, तिथला एखादा मुलगा... हे वाक्य कोणीच पुरं करत नाही.

भीती काही आजची नाही. जॉन विल्सन यांच्या मिशनच्या शाळेत शिकलेला नारायण शेषाद्री १८४३ साली ख्रिस्ती झाला. पाठोपाठ त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहायला गेला. प्रकरण कोर्टात गेलं. पोर अजाण आहे म्हणून कोर्टाने त्याला बापाच्या हवाली केलं. पुढे बाळशास्त्री जांभेकर त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावं म्हणून झटले, तर सनातनी मंडळी त्यांच्यावरच तुटून पडली. सगळ्या मुंबईला मत होतं, श्रीपतचं तेवढं धरायचं नव्हतं. पण तेव्हा निदान बापाने 'निर्णय त्याचाच' असं म्हटलं नाही.

आता आपल्या 'सगळ्यांच्या' कॉलेजांचं बघू. कार्यालयात सत्यनारायण, प्रयोगशाळेत खंडेनवमीला उपकरणांना हळदकुंकू, कार्यक्रमाची सुरुवात सरस्वतीपूजनाने. डोंबिवलीला यात धर्म दिसत नाही, कारण तो घरचाच आहे. फादरांच्या कॉलेजातली प्रार्थना मात्र फाटकापासून ऐकू येते. वसईच्या मुलीला सत्यनारायण दिसेल. प्रसाद घ्यायचा की नाही, हे तिला तिथं उभ्या उभ्या ठरवावं लागेल. त्याबद्दल तिच्याशी घरी कोणी बोललंय? कोणी नाही. घरी फक्त टक्क्यांबद्दल बोलतात, तेही बहुवचनात.

घटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमात सोय आहे. सरकारची मान्यता किंवा अनुदान घेणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही, संमती लागते. आणि विद्यार्थी अज्ञान असेल तर संमती पालकाची. म्हणजे सोळाव्या वर्षी सही तुमचीच आहे, बाबा. मग सहीचा मालक असल्यासारखं बोला की! "मला भीती वाटते म्हणून मी नको म्हणतोय," असं तोंडावर सांगणारा बाप चुकीचा असला तरी मला चालेल. त्याच्याशी भांडता येतं. "निर्णय तुझाच" म्हणत पासवर्ड स्वतःकडे ठेवणाऱ्याशी पोरीने भांडायचं कसं?

मदतच करायची असेल तर तिला त्या कॉलेजातल्या दुसऱ्या धर्माच्या विद्यार्थ्याशी बोलू द्या. प्राचार्यांशी नको, ते माहितीपत्रकच वाचून दाखवतात. तुझ्या सणाला तास असतो का, प्रार्थनेच्या वेळी तू कुठं असतेस, डब्यात काय आणलंय याची चौकशी होते का, एवढं कळलं तरी पुष्कळ. आणि तेव्हा तुम्ही गेटबाहेर थांबा. चहा प्या. काचेच्या ग्लासात मिळतो.

अर्थात हा सगळा उपदेश बहुधा वायाच जाणार. 'आम्ही' सायन्स घेतोय, म्हणजे क्लासशी संधान बांधलेलं कॉलेज आलंच. हजेरी कागदावर आणि मुलगी क्लासमध्ये. सरकारने २०१८ साली बायोमेट्रिक हजेरीचा बडगा उगारला, त्याचं पुढे काय झालं ते तुमच्या शेजारच्या बारावीला विचारा. क्लासमध्ये ना येशू ना सत्यनारायण, दर रविवारी टेस्ट. वसईच्या घरी मी विचारलंही, रविवारी टेस्ट आली तर मिस्साचं काय? "करू ॲडजस्ट," म्हणाले. इतक्या चटकन की मीच गप्प झालो.

तरी ज्यांच्या घरी अजून अर्ज उघडा आहे त्यांच्यासाठी सांगतो. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. तेव्हा अर्ज कायम करण्याआधी मुलीला लॉग-इन करू द्या, आणि पहिल्या क्रमांकावर काय आहे ते तिच्याकडून वाचून घ्या.